जोखमीची नोंद आणि निर्णयाची वेळ

जोखीम आणि जोखणे हे मराठीतले दोन शब्द एकमेकांच्या अगदी शेजारचे आहेत. नुकसानीचा संभव असलेली गोष्ट अंगावर घेणे ही जोखीम, आणि एखादी गोष्ट तोलून पाहणे, तिचा अंदाज घेणे हे जोखणे. जुन्या पेढीवरचा मुनीम ही दोन्ही कामे एकट्याने करीत असे. कोणाची हुंडी स्वीकारावी, कोणत्या गावी किती उधारी गुंतू द्यावी, पावसाळ्याच्या तोंडावर कोणत्या मालाचा साठा करावा, हे त्याच्या रोजकीर्दीत आणि त्याहूनही अधिक त्याच्या डोक्यात असे. मालक आणि मुनीम एकाच बैठकीवर बसत. त्यामुळे मुनिमाच्या मनात आलेली शंका मालकाच्या कानी जाण्यास फारसा वेळ लागत नसे.

आजची संस्था तशी राहिलेली नाही. एखाद्या बँकेच्या शाखा पाच राज्यांत असतात, कारखान्याचा कच्चा माल चार देशांतून येतो, आणि संचालक मंडळ तीन महिन्यांतून एकदा भरते. शाखेतल्या कारकुनास जे दिसते ते व्यवस्थापकास दिसत नाही, आणि व्यवस्थापकास जे कळते ते संचालकांपर्यंत पोहोचेतो त्याचा रंग पुष्कळदा बदललेला असतो. हे अंतर भरून काढावे म्हणून गेल्या काही दशकांत संस्थांनी एका नव्या साधनाचा आश्रय केला. ते साधन म्हणजे जोखीम-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर.

या सॉफ्टवेअरमध्ये गूढ असे काही नाही. संस्थेपुढे कोणकोणते धोके आहेत याची एक नोंदवही त्यात असते. प्रत्येक धोक्यापुढे तो ओढवण्याचा संभव आणि ओढवल्यास होणारा परिणाम असे दोन आकडे, बहुधा १ ते ५ या मापाने, लिहिलेले असतात. त्या धोक्याची जबाबदारी कोणावर, त्यावर योजलेला उपाय कोणता, तो केव्हापर्यंत पुरा व्हावयाचा, याचीही नोंद असते. काही मर्यादा आधी ठरवून दिलेल्या असतात. त्या ओलांडल्या गेल्या की सूचना निघते. आणि वरिष्ठांच्या पडद्यावर हे सर्व तांबड्या, पिवळ्या व हिरव्या चौकोनांच्या रूपाने दिसते.

अशा साधनावर संस्था मोठा खर्च करतात. तो करण्यास बाहेरूनही रेटा असतो. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने २०२१ मध्ये बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना जोखीम-व्यवस्थापन समिती नेमणे सक्तीचे केले. पूर्वी ही सक्ती पहिल्या ५०० कंपन्यांपुरती होती. समिती आली की अहवाल आले, आणि अहवाल आले की ते तयार करणारे सॉफ्टवेअर आले. पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. लेखापरीक्षकास दाखविण्यापुरते एक साधन संस्थेत आले, एवढ्याने संस्थेच्या धोरणास काय लाभ झाला?

याचे उत्तर शाळेतल्या एका साध्या वस्तूवरून देता येईल. वर्गात हजेरीपट असतो. एखादा मुलगा तीन आठवडे गैरहजर आहे हे त्यात अचूक लिहिलेले असते. परंतु ती नोंद पाहून मुख्याध्यापकांनी कोणास त्याच्या घरी पाठविले नाही, तर वर्षाअखेरी त्या मुलाचे नाव पटावरून कमी होते, आणि हजेरीपट मात्र निर्दोष राहतो. जोखमीच्या नोंदीचेही असेच आहे. एखाद्या नोंदीमुळे एखादा निर्णय वेळेवर बदलला, तरच त्या साधनाचे मोल संस्थेच्या पदरात पडते. हे घडते कसे आणि राहून जाते कसे, हे काही प्रत्यक्ष घटनांवरून पाहणे उपयुक्त होईल.

पहिले उदाहरण जपानचे. ११ मार्च २०११ रोजी त्या देशाच्या ईशान्य भागात प्रचंड भूकंप झाला व त्यामागोमाग समुद्राची लाट आली. टोयोटा या मोटार कंपनीचे कारखाने त्यामानाने सुरक्षित होते. तरीही जपानबाहेरचे तिचे उत्पादन पूर्वपदावर येण्यास सुमारे सहा महिने लागले. कंपनी ज्यांच्याकडून सुटे भाग थेट विकत घेत असे ते पुरवठादार तिला ठाऊक होते. परंतु त्या पुरवठादारांना माल देणारे कोण, आणि त्यांनाही माल देणारे कोण, हे तिला नीट ठाऊक नव्हते. रेनेसास या कंपनीचा नाका येथील कारखाना भूकंपाने बंद पडला, तेव्हा कळून आले की मोटारींच्या नियंत्रणासाठी लागणाऱ्या चिपांकरिता कितीतरी मोटार कंपन्या त्या एकाच ठिकाणावर विसंबून होत्या. कागदावर पुरवठादार अनेक होते. साखळीच्या तळाशी मात्र सगळ्या वाटा एकाच दारापाशी येऊन मिळत होत्या.

यानंतर टोयोटाने जे केले त्यात श्रोत्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिने पुरवठ्याच्या साखळीची माहिती गोळा करणारी एक संगणक प्रणाली उभारली व तिला ‘रेस्क्यू’ असे नाव दिले. कोणता भाग कोठे तयार होतो, त्यातला कच्चा माल कोठून येतो, अशी काही लाख ठिकाणांची माहिती तीत साठविली गेली. भूकंपामुळे १२०० हून अधिक भागांचा व पदार्थांचा पुरवठा अडण्याचा संभव आहे हे कंपनीस आढळून आले होते. त्यांतून तिने सुमारे ५०० वस्तूंची अग्रक्रमाची यादी केली, आणि त्या यादीत चिपा होत्या.

येथवर झाली ती नोंद. धोरणाचा भाग यापुढे आहे. साठा न करता, लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवावयाचा, या पद्धतीसाठी टोयोटा जगभर प्रसिद्ध होती. ती पद्धत तिच्या यशाचा कणा मानली जाई. त्याच कंपनीने आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिपांचा साठा ठेवावयास लावले. सर्व वस्तूंचा साठा केला असता तर खर्चाने पाठ मोडली असती, आणि कशाचाच केला नसता तर २०११ ची पुनरावृत्ती झाली असती. कोठे काटकसर ठेवावी आणि कोठे ती सोडावी, हे नोंदीमुळे ठरविता आले. पुढे जगभर चिपांची टंचाई झाली आणि इतर मोटार कंपन्यांना आपले कारखाने थांबवावे लागले. तेव्हा, २०२१ च्या फेब्रुवारीत, टोयोटाने आपल्या वार्षिक नफ्याचा अंदाज उलट वाढविला.

मात्र या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आग्नेय आशियात कोरोनाची साथ बळावली, तेथील कारखाने अडले, आणि टोयोटालाही सप्टेंबरचे जागतिक उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा करावी लागली. जोखीम ओळखल्याने ती नाहीशी होत नाही. तिने गाठण्यापूर्वी काही महिने हाती मिळतात. व्यापारात त्या काही महिन्यांचे मोल फार असते.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे, आणि ते अशा एका बँकेचे आहे की जोखीम मोजण्याच्या शास्त्रात जिचा मान मोठा. अमेरिकेतील जे. पी. मॉर्गन या बँकेचे प्रमुख डेनिस वेदरस्टोन यांनी एक शिस्त घातली होती. दररोज दुपारी सव्वाचार वाजता एका कागदावर त्यांना कळले पाहिजे, की उद्याच्या चोवीस तासांत बाजार उलटला तर बँकेचे किती नुकसान होण्याचा संभव आहे. या शिस्तीतून वाढलेली मोजणीची रीत बँकेने १९९४ मध्ये ‘रिस्कमेट्रिक्स’ या नावाने सर्वांसाठी खुली केली, आणि ती जगभरच्या बँकांत पसरली. त्या एका कागदाची थोरवी त्यातील गणितापुरती नव्हती. तो कागद दररोज ठरल्या वेळी, निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या हाती पडत असे. जुन्या पेढीतला मुनीम आणि मालक यांच्यातले अंतर त्याने पुन्हा एकदा कमी केले होते.

पुढे अनेक बँकांच्या विलीनीकरणानंतर हीच संस्था जे. पी. मॉर्गन चेस या नावाने अवाढव्य झाली. २०१२ मध्ये तिच्या लंडन येथील एका विभागाने कर्जरोख्यांच्या विम्यासारख्या व्यवहारांत किमान ६२० कोटी डॉलर गमावले. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने २०१३ मध्ये याची चौकशी प्रसिद्ध केली. तीत असे दिसून आले, की २०१२ च्या पहिल्या चार महिन्यांत त्या विभागाने आपल्या जोखमीच्या निरनिराळ्या मर्यादा ३३० हून अधिक वेळा ओलांडल्या होत्या. म्हणजे यंत्र मुके नव्हते. ते तीनशे तीसपेक्षा अधिक वेळा बोलले होते.

मग काय झाले? मर्यादा ओलांडली गेली, की व्यवहार आवरण्याऐवजी मर्यादाच वाढविण्याचा किंवा मोजणीची रीत बदलण्याचा मार्ग धरला गेला. जानेवारीत एक नवी मोजणी लागू करण्यात आली आणि तिने त्या विभागाची जोखीम एका झटक्यात जवळपास निम्म्यावर आणली. ही नवी मोजणी अनेक स्प्रेडशीटांतून हाताने आकडे उचलून दुसरीकडे ठेवण्यावर चालत असे. तीत एके ठिकाणी सरासरीने भागावयाचे ते बेरजेने भागले गेले होते, हे बँकेच्या स्वतःच्या चौकशीत पुढे आढळले. ताप मोजण्याची नळी बदलून ताप उतरल्याचे समाधान मानावे, तसाच हा प्रकार झाला. जोखीम कमी झाल्याचे पडद्यावर दिसत होते, आणि व्यवहार प्रत्यक्षात फुगत होते.

या दोन उदाहरणांत सॉफ्टवेअरच्या बऱ्या-वाईटपणाचा भाग थोडा आहे. मर्यादा ओलांडली गेल्यावर कोणी काय करावयाचे, हे आधी ठरले होते की नाही, आणि ते ठरविणाऱ्यास नको असलेली बातमी ऐकण्याची तयारी होती की नाही, यावर सारे अवलंबून राहिले.

आपल्याकडील अनुभव आणखी एक बाजू दाखवितो. पंजाब नॅशनल बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील गैरव्यवहार उघड केला. ही रक्कम पुढे १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. परदेशी बँकांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ या जाळ्यावरून जात होते. पण ते जाळे बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, जोडलेले नव्हते. त्यामुळे शाखेतून हमी बाहेर पडत राहिल्या आणि बँकेच्या हिशेबात त्यांचा मागमूस दिसला नाही. अशा दुरुपयोगाचा संभव आहे, असा इशारा ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना दिला होता, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. म्हणजे धोका ठाऊक होता, त्याची नोंद होती, उपायही माहीत होता. दोन प्रणाली एकमेकींना जोडणे एवढेच काम राहिले होते. गैरव्यवहार उघडकीस आल्यावर त्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालून देण्यात आली.

पुढच्याच वर्षी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण बाहेर आले. या बँकेच्या शाखा महाराष्ट्राबाहेर गोवा, कर्नाटक, गुजरात आणि मध्य प्रदेश येथेही होत्या, त्यामुळे त्याची झळ कित्येक मराठी घरांपर्यंत पोहोचली. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एका बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतली होती, आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखविण्यात आली, असे तपासात पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास आरंभी केवळ १००० रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांनी निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नाचे पैसे, आजारपणाची तरतूद तेथे ठेवली होती, त्यांनी बँकेच्या दाराशी रांगा लावल्या. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, परंतु मोठ्या ठेवींची परतफेड वर्षानुवर्षांच्या हप्त्यांवर गेली.

एकाच ऋणकोकडे फार मोठी रक्कम गुंतणे हा धोका कोणतेही सॉफ्टवेअर क्षणात ओळखील. पण त्याला जे दाखविले जाईल तेवढेच त्याला दिसते. एक खाते एकवीस हजार खात्यांत वाटून दाखविले, की हिरवे चौकोन हिरवेच राहतात. यास्तव ज्या हातांनी व्यवहार होतो त्याच हातांनी जोखमीची माहिती भरली जाऊ नये, हा जुन्या हिशेबनिसांचा नियम नव्या साधनासही लागू आहे. रोकड मोजणारा आणि वही लिहिणारा ही दोन माणसे निराळी असावीत, हे शहाणपण संगणकापूर्वीचे आहे.

आता या साधनापासून धोरणात्मक लाभ मिळवावयाचा तर काय करावे, याचा थोडा विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की नोंदवहीचा आरंभ धोक्यांच्या यादीने न करता संस्थेच्या उद्दिष्टांनी करावा. जोखीम-व्यवस्थापनाचे ‘आयएसओ ३१०००’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००९ मध्ये निघाले व २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यात जोखमीचा विचार उद्दिष्टांच्या संदर्भातच केलेला आहे. आपल्याला जेथे पोहोचावयाचे आहे त्या वाटेवर अनिश्चिततेचा काय परिणाम होईल, हा तेथला प्रश्न आहे. समजा, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यास गाळपाची क्षमता वाढवावयाची आहे. ऊस कोणत्या गावांतून येणार, त्यांपैकी किती गावे पुराच्या पट्ट्यात आहेत, पाऊस ओढला तर काय, साखरेचा भाव पडला तर कर्जाचा हप्ता कोठून जाणार, हे प्रश्न विस्ताराच्या ठरावाबरोबरच संचालकांपुढे आले पाहिजेत. ठराव झाल्यावर सहा महिन्यांनी निराळ्या अहवालात ते आले, तर त्यांचा उपयोग इतिहासापुरता राहतो.

दुसरी गोष्ट, यादी आवाक्यातली असावी. चारशे धोक्यांची नोंद असलेली वही कोणी वाचत नाही. संचालकांनी स्वतः लक्ष घालावे असे आठ-दहा धोके निवडावेत आणि उरलेले विभागांकडे सोपवावेत. प्रत्येक धोक्यापुढे खात्याचे नाव न लिहिता माणसाचे पद लिहावे, कारण खात्याला जाब विचारता येत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांविषयीची आहे. संभव आणि परिणाम यांचा गुणाकार करून धोक्यास क्रमांक देण्याची रीत सोपी आहे, पण ती फसवी होऊ शकते. पाच गुणिले एक आणि एक गुणिले पाच, दोहोंचे उत्तर पाचच येते. दर आठवड्यास होणारी किरकोळ चूक आणि वीस वर्षांतून एकदा येऊन संस्था बुडविणारे संकट, ही दोन्ही मग पडद्यावर एकाच रंगाची दिसतात. पहिलीवर थोडी शिस्त पुरते. दुसऱ्यासाठी राखीव निधी, विमा किंवा पर्यायी व्यवस्था लागते, आणि कधी कधी तो व्यवसायच न करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून परिणाम जेथे सर्वनाशी आहे तेथे गुणाकाराकडे न पाहता ती बाब वेगळी काढून तपासावी.

चौथी गोष्ट मर्यादांची. मर्यादा ठरवितानाच, ती ओलांडली गेल्यास काय करावयाचे व किती दिवसांत, हे लिहून ठेवावे. मर्यादा वाढविण्याचा अधिकार ज्याचा व्यवहार आहे त्याच्याकडे नसावा. आणि मर्यादा वाढविली गेली, तर कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी वाढविली, याची कायमची नोंद राहावी. लंडनच्या प्रकरणाचा धडा तो हाच.

पाचवी गोष्ट, मागे वळून पाहण्याची. गेल्या वर्षी आपण कोणते धोके मोठे मानले होते आणि प्रत्यक्षात कोणते ओढवले, याचा ताळा वर्षातून एकदा घ्यावा. सॉफ्टवेअरचा खरा फायदा येथे दिसतो. माणसाची आठवण सोयीची असते. झाल्यावर सर्वांनाच वाटते की हे आपण ओळखले होते. तारखेसह साठविलेली नोंद अशी सूट देत नाही. पाच-सात वर्षांचा असा ताळा जमला, म्हणजे आपले अंदाज कोठे आंधळे आहेत हे संस्थेस कळू लागते, आणि नवा धंदा, नवी शाखा, नवे कर्ज यांविषयीचे निर्णय अधिक डोळसपणे होतात.

डोळसपणा या शब्दावर येथे थोडे थांबले पाहिजे. जोखीम-व्यवस्थापन म्हणजे सदा नकार देणारे खाते, असा एक समज आहे. टोयोटाच्या उदाहरणाने तो खोटा ठरतो. निवडक वस्तूंचा साठा असल्यामुळे बाकीच्या कामात ती काटकसरीची आपली पद्धत निर्धास्तपणे चालवू शकली. कोठे पाय घसरेल हे ज्यास ठाऊक आहे, तो उरलेल्या वाटेने अधिक वेगाने चालू शकतो. ज्या पतसंस्थेला आपली कर्जे कोणत्या धंद्यांत, कोणत्या गावांत, कोणत्या कुटुंबांत गुंतली आहेत हे दर महिन्यास स्पष्ट दिसते, ती एखाद्या होतकरू तरुणास तारणाचा फारसा आग्रह न धरता कर्ज देण्याचे धैर्य करू शकते. जिला ते दिसत नाही, ती एकतर सर्वांनाच नाकारते किंवा ओळखीच्यांनाच देत राहते.

सॉफ्टवेअर विकत घेता येते. ते बसविण्यास काही महिने आणि शिकण्यास आणखी काही महिने लागतात. पण संचालकांच्या बैठकीत एखादा कनिष्ठ अधिकारी उठून, पडद्यावरचा हा चौकोन तांबडा आहे आणि आजचा ठराव त्यामुळे तहकूब ठेवावा, असे म्हणू शकतो काय. आणि म्हणाल्यावर त्याचे ऐकून घेतले जाते काय, ही व्यवस्था संस्थेने स्वतः घडवावी लागते. ठेवीदार, कामगार, ऊस घालणारा शेतकरी यांच्यापैकी कोणीही तो पडदा कधी पाहत नाही. त्यांनी आपली पुंजी आणि आपले श्रम संस्थेवर सोपविलेले असतात, ते तेथे कोणीतरी तो पाहत आहे अशा विश्वासाने. पुढच्या बैठकीत जोखमीचा अहवाल विषयपत्रिकेच्या शेवटी, चहाच्या वेळी, वाचल्याचे मानून पुढे जावयाचे की ठरावाच्या आधी घ्यावयाचा, एवढे ठरविण्यास कोणत्याही संस्थेला एक रुपयाही खर्च येणार नाही.